‘काढून टाका’च्या आधी

आमची भिशी बारा जणींची. महिन्याच्या पहिल्या शनिवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, चिठ्ठी काढायची, पोह्यांची बशी हातात घ्यायची आणि मग आपापल्या दुखण्यांची उजळणी करायची, हा आमचा अनेक वर्षांचा शिरस्ता. गुडघे, शुगर, थायरॉइड असं सगळं क्रमानं होतं. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी बोलता बोलता सहज मोजलं, तर बारांतल्या पाच जणींची ‘पिशवी’ काढलेली निघाली. त्यातल्या तिघींची तर चाळिशीच्या आत! आणि ती नेमकी कशासाठी काढली, हे धड सांगता आलं फक्त एकीला. बाकीच्या चौघींची उत्तरं अशी होती : ‘अंगावरून फार जायचं.’ ‘सूज होती म्हणे.’ ‘डॉक्टर म्हणाले, आता ठेवून काय करायचंय?’ आणि चौथीचं तर फारच सोपं, ‘अगं, सगळ्यांचीच काढतात की!’

गर्भाशय हा शब्द आपण पुस्तकात वाचतो. बोलताना मात्र ‘पिशवी’ म्हणतो. मला वाटतं, या शब्दानंच अर्धा घोळ करून ठेवलाय. पिशवी म्हणजे बाजारातून भाजी आणायची. काम झालं की खुंटीला अडकवायची, फाटली की टाकून द्यायची. तिचं एवढं काय! घरात कुणाचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं तर चार डॉक्टर गाठले जातात, ओळखीपाळखी काढल्या जातात. घरातल्या बाईचं पिशवीचं ऑपरेशन निघालं तर एवढंच विचारलं जातं, ‘तारीख कधीची मिळाली? स्वयंपाकाला कोण येणार?’

मीसुद्धा अशी तारीख घेऊन आले होते, म्हणूनच हे लिहायचं धाडस करतेय.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. वर्षभरापासून पाळीचं तंत्र बिघडलं होतं. आठ-आठ दिवस रक्तस्राव, पहिले तीन दिवस तर दर तासाला पॅड बदलायचं, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी, रात्री दोनदा उठणं. त्या दिवसांत फक्त गडद रंगाच्या साड्या. लांबचा प्रवास बंद. ‘चाळिशी आली, आता असंच चालायचं’ असं मीच माझी समजूत काढत होते. आईनंही असंच काढलं होतं, तिच्या आईनंही.

मार्चमध्ये दहावीच्या बोर्डाच्या पेपरला सुपरव्हिजन होतं. तीन तास वर्ग सोडता येत नाही. खुर्चीवर बसायची भीती वाटत होती म्हणून सगळा वेळ उभीच राहिले. शेवटच्या अर्ध्या तासात डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. घंटा झाली, उत्तरपत्रिका गोळा केल्या आणि दाराशी आले तर आमच्या शिपाईमावशींनी काही न बोलता माझा पदर पाठीमागून असा गुंडाळून दिला की काय झालंय ते मला कळलंच. त्या दिवशी टॉयलेटमध्ये उभी राहून मी लहान मुलीसारखी रडले. बेचाळीसाव्या वर्षी!

दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७.२. बाईचं बाराच्या वर हवं. सोनोग्राफीत तीन सेंटिमीटरची एक गाठ, फायब्रॉइड. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि विचारलं, ‘मुलं किती?’ म्हटलं, दोन. ‘मग काढून टाका ना. आता काय काम आहे तिचं? पुढे कॅन्सरची भीती तरी नको. अंडाशयंही काढू एकदमच. मे महिन्याच्या सुटीत घेऊन टाका.’ घड्याळात बघितलं नव्हतं, पण दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील.

घरी कुणाला धक्का बसला नाही. हे म्हणाले, ‘तुला त्रास होतोय ना, मग करून टाकू.’ सासूबाई म्हणाल्या, ‘सुटली एकदाची कटकटीतून.’ खरं सांगायचं तर मलाही हायसंच वाटलं होतं. रोजच्या त्या ओल्या भीतीतून सुटका होणार होती. वाईट कुणीच नव्हतं यात. फक्त विचारलं कुणीच नव्हतं. मीसुद्धा नाही.

अडवलं ते माझ्या ताईनं. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, गावी शेती बघते. सुटीत सोबतीला येशील का म्हणून फोन केला, तर पलीकडून बराच वेळ आवाजच नाही. मग म्हणाली, ‘अंडाशयं पण काढणार म्हणाले का गं?’

ताईचं ऑपरेशन बत्तिसाव्या वर्षी झालं होतं. पांढरं जायचं आणि कंबर दुखायची, एवढीच तिची तक्रार. तालुक्याच्या एका दवाखान्यात सांगितलं, पिशवीला सूज आहे, कॅन्सर होईल. भाऊजींनी एक म्हैस विकून पैसे भरले. आत नेमकं काय काय काढलं, ते तिला कुणी सांगितलं नाही. कागदही दिले नाहीत. पण त्यानंतर महिनाभरातच तिला भर थंडीत घाम फुटायला लागला. अंगातून वाफा निघाल्यासारखं व्हायचं, रात्र रात्र झोप नाही, चिडचिड. घरचे म्हणायचे, हिला बाहेरचं काहीतरी झालंय. सेहेचाळीसाव्या वर्षी अंगणात नुसती पाय घसरून हातावर पडली तर मनगट मोडलं. तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘तुमची पाळी कधी गेली?’ आणि चौदा वर्षांनी तिला कळलं की गर्भाशयाबरोबर अंडाशयंही गेली होती, आणि हाडं ठिसूळ व्हायचं तेच मोठं कारण होतं.

फोन ठेवताना ताई म्हणाली, ‘मला कोणी विचारलं नाही, आणि मलाही विचारायचं कळलं नाही. तू शिकलेली आहेस. तू तरी विचार.’

हे वाक्य माझ्या फार वर्मी लागलं. शिकलेली आहेस! व्याकरण शिकवणारी बाई मी, पण स्वतःच्या शरीराबद्दल एक प्रश्नार्थक वाक्य मला रचता आलं नव्हतं.

मग मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्या वयानं मोठ्या, केस पांढरे झालेल्या, बोलायला थोड्या फटकळ. त्यांनी आधी रिपोर्ट बघितलाच नाही. मलाच विचारत राहिल्या. किती दिवस, किती पॅड, दुखतं का, मधेच जातं का, घरात कुणाला असा त्रास, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, तांबी बसवली आहे का, थायरॉइड तपासलंय का. मग म्हणाल्या, ‘हे बघा, रक्तस्राव हा आजार नाही. ते लक्षण आहे. ताप कसा असतो? ताप मलेरियाचा असतो, टायफॉइडचा असतो, साध्या सर्दीचाही असतो. कारण शोधायच्या आधी इलाज ठरवायचा नसतो.’

त्या दिवशी मला जे कळलं, ते पहिल्या दहा मिनिटांत का सांगितलं गेलं नाही, याचा राग अजून जात नाही.

जास्त रक्तस्रावाची कारणं कितीतरी असतात. गर्भाशयात छोटा कोंब, म्हणजे पॉलिप असू शकतो. फायब्रॉइडच्या गाठी असतात. त्या कितीतरी बायकांना असतात, बहुतेकींना त्याचा पत्ताही नसतो आणि पाळी गेल्यावर त्या बहुधा आपोआप आक्रसतात. त्यांचा कॅन्सर होणं अगदी म्हणजे अगदी दुर्मीळ. कधी गर्भाशयाचं अस्तर त्याच्याच स्नायूंत रुतून बसतं, त्याला अ‍ॅडिनोमायोसिस म्हणतात. कधी हार्मोन्सचं चक्र बिघडतं, पाळी जायच्या आधीच्या वर्षांत तर हमखास. कधी थायरॉइड, कधी रक्त गोठण्यातला दोष. वयात आल्यापासूनच एखाद्या मुलीला फार जात असेल तर ‘होईल हळूहळू नीट’ म्हणत बसू नये, ते यासाठी. आणि हो, कधी कधी अस्तराचा कॅन्सर किंवा त्याची पूर्वतयारीही असते. म्हणूनच पंचेचाळिशीच्या आसपास किंवा पुढे असा रक्तस्राव सुरू झाला तर अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासतात. माझाही तपासला. कॅन्सरची भीती वाटत असेल तर आधी तपासणी करायची. तपासणी न करता भीतीपोटीच अवयव काढायचा, हा कुठला न्याय?

त्या डॉक्टरीणबाईंनी मग एका कागदावर जिन्यासारख्या पायऱ्या काढल्या. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

सगळ्यात खालची पायरी लोहाची. माझं हिमोग्लोबिन सातवर होतं, म्हणजे दम लागणं, केस गळणं, चिडचिड, वर्गात उभं राहवत नाही, हे सगळं ‘वय झालं’ म्हणून नव्हतंच. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, चहाबरोबर नाही. चहा लोह अंगी लागू देत नाही. आपण नेमकं उलट करतो. हिमोग्लोबिन बारा झालं की लगेच गोळी सोडायचीही नाही. शरीरातला साठा भरायला पुढे आणखी काही महिने लागतात. गोळी सोसत नसेल किंवा रक्त फारच कमी असेल तर शिरेतून लोह देता येतं.

दुसरी पायरी रक्तस्राव कमी करणाऱ्या साध्या गोळ्यांची. त्यातली एक ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड. ती हार्मोन नाही. जास्त जातं त्या तीन-चार दिवसांतच घ्यायची आणि रक्तस्राव साधारण निम्म्यावर आणायची तिची ताकद. पूर्वी कधी पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल त्यांनी ती घ्यायची नाही, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेडिकलमधून आणू नका. दुसरी मेफेनॅमिक अ‍ॅसिड, पोटदुखीची म्हणून आपल्याला माहीत असते तीच. तीही दुखणं आणि रक्तस्राव दोन्ही थोडं कमी करते.

त्या ट्रॅनेक्झामिकची एक गोष्ट मला नंतर वाचायला मिळाली. ते औषध शोधलं उताको ओकामोटो या जपानी बाईनं, नवऱ्याच्या जोडीनं. दुसऱ्या महायुद्धानंतरचे दिवस, प्रयोगशाळेत बायका नावालाच, सांभाळायला कुणी नाही म्हणून तान्ही मुलगी पाठीला बांधून ही बाई काम करायची. बाळंतपणात रक्त जाऊन बायका मरतात, ते थांबवायचं होतं तिला. १९६२मध्ये त्या दोघांनी हा शोध प्रसिद्ध केला. पण बाळंतपणासाठी ते वापरून बघा म्हणून तिनं सांगितलं, ते तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी मनावर घेतलं नाही. अखेर २०१७मध्ये एकवीस देशांतल्या वीस हजार बाळंतिणींवर झालेल्या अभ्यासातून सिद्ध झालं की ते वेळेत दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू कमी होतात. पण ती त्याच्या आदल्याच वर्षी, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेली होती. बाईच्या रक्तस्रावाकडे लक्ष द्यायला जगाला किती वेळ लागतो बघा!

तिसरी पायरी हार्मोनच्या गोळ्यांची. शिवाय एक आपल्याकडचीच, लखनौच्या सरकारी औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ऑर्मेलॉक्सिफेन. १९९१पासून ती ‘सहेली’ या नावानं मिळायला लागली, आता सरकारी केंद्रात ‘छाया’ म्हणून फुकट मिळते ती तीच. कुटुंबनियोजनाची गोळी म्हणून आपण ती ओळखतो, पण जास्त रक्तस्रावासाठीही डॉक्टर तिचा वापर करतात.

चौथी पायरी हार्मोनच्या तांबीची. म्हणजे तांबीसारखीच दिसणारी, पण तांबं नसलेली. गर्भाशयात बसवतात आणि ती रोज अगदी थोडं हार्मोन तिथल्या तिथे सोडत राहते. अस्तर पातळ होतं, रक्तस्राव खूपच कमी होतो, पुष्कळ जणींचा नव्वद टक्क्यांपर्यंत. पाच वर्षं तरी काम करते. काही हजार रुपये लागतात, तेही थोडे नाहीत, पण ऑपरेशनचा खर्च आणि दीड महिना अंथरूण यापुढे कितीतरी कमी.

पाचव्या पायरीवर छोट्या शस्त्रक्रिया. दुर्बीण घालून पॉलिप काढणं, गर्भाशय ठेवून नुसती गाठ काढणं, गाठीचा रक्तपुरवठा बंद करणं, किंवा पुढे मूल नको असेल तर अस्तर जाळणं.

आणि सगळ्यात वर, सहाव्या पायरीवर, गर्भाशय काढणं. मला थेट तिथेच उचलून ठेवलं होतं की!

मी चौथी पायरी निवडली. सगळं गोड गोड झालं असं मुळीच नाही. पहिले चार महिने रोज थोडं थोडं डागळत राहिलं. मी वैतागून दोनदा डॉक्टरांकडे गेले, ‘काढा ही’ म्हणून. त्या म्हणाल्या, ‘सहा महिने दम धरा. मग तुम्ही म्हणाल तसं.’ पाचव्या महिन्यात थांबलं. पुढे पाळी जवळजवळ आलीच नाही. सासूबाईंना काळजी, ‘आत घाण साचत असेल.’ ही आपल्याकडची फार जुनी समजूत. पण पाळीचं रक्त म्हणजे घाण नव्हे, ते अस्तर असतं. अस्तर तयारच झालं नाही तर साचणार काय? वर्षभरात हिमोग्लोबिन १२.१ झालं. पुढच्या मार्चमध्ये बोर्डाच्या सुपरव्हिजनला मी आकाशी रंगाची साडी नेसून गेले. शिपाईमावशींनी नुसतं बघितलं आणि हसल्या.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. माझ्या नणंदेला अ‍ॅडिनोमायोसिस होतं. गर्भाशय मोठं झालेलं, पाळीत इंजेक्शन घेतल्याशिवाय दुखणं थांबायचं नाही. तिनं गोळ्या घेतल्या, ही तांबीही बसवून पाहिली, नाही जमलं. सेहेचाळीसाव्या वर्षी तिनं विचार करून ऑपरेशन करून घेतलं. अंडाशयं चांगली होती, ती ठेवली. तशी ती ठेवूनही पाळी जातानाचे त्रास थोडे लवकर येऊ शकतात, हेही तिला आधी सांगितलं होतं. आज ती म्हणते, ‘दहा वर्षं उगाच सोसलं.’ भिशीतल्या ज्या एकीला कारण धड सांगता आलं, तिचं ऑपरेशन तर कॅन्सरसाठीच होतं, आणि त्यामुळेच ती आज आमच्याबरोबर पोहे खातेय. तेव्हा ऑपरेशनवर माझा राग नाही. योग्य बाईला, योग्य वेळी, सगळं सांगून केलेलं हे ऑपरेशन वरदान आहे. राग आहे तो न विचारता, न सांगता, बाकी काहीच करून न बघता केलेल्या ऑपरेशनवर.

आणि हे काही माझ्या आणि ताईच्या घरापुरतं नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ज्या बायकांचं गर्भाशय काढलेलं होतं, त्यांचं ऑपरेशनच्या वेळचं मध्य वय चौतीस होतं. चौतीस! आणि निम्म्याहून जास्त जणींनी कारण सांगितलं होतं ते जास्त रक्तस्राव किंवा दुखणं. म्हणजे ज्यासाठी खाली पाच पायऱ्या आहेत, तेच. दोन तृतीयांश ऑपरेशनं खासगी दवाखान्यांत झाली होती.

२०१९मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची बातमी आली तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. दर सहा बायकांमागे एक! नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल डोक्यावर, एक दिवस खाडा पडला की पैसे कापले जाणार. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळी आली तर कपडा बदलायला आडोसा नाही. अशा बाईला ‘सहा महिने दम धरा’ कसं सांगणार? तिला पाळीच परवडत नाही. तिला गोळीआधी पाणी, संडास आणि पगारी सुटी द्यायला हवी. आरोग्याचा प्रश्न आहे म्हणून तो फक्त डॉक्टरांनी सोडवायचा, असं होत नाही.

त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक केली गेली. २०२२मध्ये केंद्र सरकारनं अनावश्यक ऑपरेशनं रोखायला मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. चांगलंच झालं. पण कागदावरचा नियम दवाखान्यातल्या त्या स्टुलावर, डॉक्टरांच्या टेबलासमोर, आपल्या शेजारी येऊन बसत नाही. तिथे आपणच असतो. म्हणून तिथे आपल्याला बोलता यायला हवं.

काय बोलायचं? फार काही नाही. माझा रक्तस्राव कशामुळे होतोय? कॅन्सर नाही, हे कशावरून ठरवलं? ऑपरेशनशिवाय आणखी काय काय करता येईल, आणि ते माझ्यासाठी का नको? नाहीच केलं काही, तर काय होईल? अंडाशयं काढणार की ठेवणार, आणि काढणार असाल तर का? पंचेचाळिशीच्या आत ती काढावीच लागली, तर हाडांसाठी आणि हृदयासाठी हार्मोन द्यावे लागतात, त्याचं काय? आणि शेवटचं, माझे सगळे कागद मला मिळतील ना? या प्रश्नांनी चांगला डॉक्टर रागावत नाही. रागावला, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जायला तेवढं कारण पुरे. घाईघाईनं गर्भाशय काढावं लागण्याचे प्रसंग फार थोडे असतात. बाकी वेळी पंधरा दिवस थांबून दुसरं मत घ्यायला कुणाचीच हरकत नसावी.

आणि घरीही थोडं बोलायला हवं. दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, आठवड्याहून जास्त दिवस जाणं, मोठ्या गाठी पडणं, त्या दिवसांत कामावर जाता न येणं, हे ‘बाईच्या जातीला असायचंच’ या सदरात मोडत नाही. याला इलाज आहे. अशोकारिष्टाची बाटली आमच्याही घरात वर्षभर होती. घेणाऱ्यांनी घ्यावी, पण तेवढ्यावर तपासणी लांबवू नये. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर नुसता एक डाग जरी दिसला तरी सोसायचं नाही, लाजायचं नाही, लगेच डॉक्टर गाठायचे.

आपल्याला दोनच गोष्टी शिकवल्या गेल्या, मैत्रिणींनो. आधी सोसायचं आणि सोसवेनासं झालं की काढून टाकायचं. मधल्या एवढ्या पायऱ्यांवर आपल्याला कुणी हात धरून नेलंच नाही.

ताई आता एकोणसाठ वर्षांची आहे. हाडांची औषधं चालू आहेत. तिच्या धाकट्या सुनेला मागच्या दिवाळीत जास्त रक्तस्राव सुरू झाला, तेव्हा ताई स्वतः तिच्याबरोबर दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी ‘मुलं किती?’ विचारताच म्हणाली, ‘मुलं दोन आहेत साहेब, पण आधी कारण सांगा.’ पॉलिप निघाला. दुर्बिणीतून काढला, सून दुसऱ्या दिवशी घरी आली. ताईनं हे मला फोनवर तीनदा सांगितलं, दर वेळी थोडं आणखी रंगवून.

आमच्या भिशीतही परवा एकीनं सांगितलं, ‘पुढच्या महिन्यात मी येत नाही गं, पिशवीची तारीख घेतलीय.’ क्षणभर सगळ्या गप्प. मग जिची चाळिशीच्या आत काढली होती आणि कशासाठी ते जिला सांगता आलं नव्हतं, तीच पहिली बोलली, ‘आधी काय काय करून पाहिलंस?’

चिठ्ठी काढायची त्या दिवशी राहूनच गेली.